टायमिंगकाकांच्या घरचा सण

बसडेपोत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. त्यांची गाडी फलाटाला लागली की लोक आपापल्या मनगटावरचे काटे जुळवून घेत. म्हणून ड्युटी लावणाऱ्या बाबूने त्यांचं नाव ‘टायमिंग’ ठेवलं आणि तेच चिकटलं. तरुणपणी ते टायमिंगदादा होते, केस पिकले तसे टायमिंगकाका झाले. एकतीस वर्षं लांब पल्ल्याची गाडी चालवली. एवढ्या वर्षांत गाडी उशिरा आली असेल ती घाट बंद पडला म्हणून किंवा टायर बसला म्हणून, काकांमुळे कधीच नाही.

सणाच्या सुट्ट्या लागल्या की सगळ्या जगाला घरी जायचं असतं, आणि सगळ्या जगाला घरी पोचवायला कुणाला तरी घराबाहेर राहावंच लागतं. त्या आठ-दहा दिवसांच्या रजेवरून डेपोत दरवर्षी जुंपायची. एकाची सासू अंथरुणाला खिळायची, दुसऱ्याच्या पोराचा हात मोडायचा. एका ड्रायव्हरची आजी तर तीन वर्षांत चार वेळा वारली. काका मात्र रजेचा अर्जच करत नसत. बाबूच्या टेबलाशी जाऊन म्हणायचे, “लाव माझी डबल. आमच्या घरचं सगळं ती बघते.”

हे म्हणताना त्यांची छाती जरा फुगायचीच. शिवाय, खरं सांगायचं तर, त्यांना ते दिवस आवडायचे. गाडी खच्चून भरलेली, मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर पोरं, पोरांची नाकं काचेला. उतरताना एखादी म्हातारी इंजिनाच्या झाकणावर खाऊची पुडी ठेवायची आणि म्हणायची, “सुखरूप आणलंस रे बाबा.” तेवढ्यावर काका पुढचे शंभर मैल न दमता काढायचे.

घरी पोचायचे ते सण होऊन तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीला दिव्यांची माळ. काकू ताट वाढून समोर बसायच्या. मुलगा-मुलगी नव्या कपड्यांत दोन बाजूंना. काकांना वाटायचं, सण झाला, माझ्या वाट्याचं काढून ठेवलंय. “शिळं असलं म्हणून काय झालं, तुझ्या हातचं आहे ना,” असं ते म्हणायचे, आणि आपण बायकोचं मोठं कौतुक केलं असं त्यांना वाटायचं. काकू हसून म्हणायच्या, “जेवा आता.”

निवृत्तीला तीन महिने उरले होते तेव्हा काकू गेल्या. सकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या आणि तिथेच कोसळल्या. काका तेव्हा दोनशे मैलांवर, चाळीस प्रवासी पाठीशी घेऊन. बदली ड्रायव्हर मिळून घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात काकू म्हणाल्या होत्या, “या वर्षी सणाला तुम्ही घरी. मला तर बाई विश्वासच बसत नाही.”

निवृत्तीचा हार गळ्यात पडला, भाषणं झाली, आणि काका रिकाम्या घरात येऊन बसले. सवयीने पहाटे चारला जाग यायची. उठून करायचं काय? चहा करायचा. एक कप करायचा म्हटलं तरी दोन कप पाणी पातेल्यात पडायचं.

सुट्ट्या जवळ आल्या तशी मुलगी सात वर्षांच्या नातीला घेऊन आली. जावई नोकरीसाठी परगावी, त्याला यंदा जमणार नव्हतं. मुलगा मोठ्या इस्पितळात परिचारक होता. तो आदल्या रात्रीच्या गाडीने निघून सणाच्या सकाळी येणार होता. काका पोरांना म्हणाले होते, “तुमची आई करायची तसंच सगळं करायचं. काही कमी पडायला नको.”

पण आई करायची म्हणजे काय करायची, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? दिव्यांची माळ कुठे असते इथपासून सुरुवात. माळ्यावरचे डबे खाली काढले, पलंगाखालच्या पेट्या उपसल्या. शेवटी मुलीने कपाटावरची काकांची जुनी टोपी उचलली, तर माळ तिच्याखाली निगुतीने गुंडाळून ठेवलेली. खण सांडशीचा कुठला, चांगल्या ताटांचा कुठला, सगळं मुलीलाच विचारावं लागत होतं. नात कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “आजोबा, तुम्ही इथेच राहता ना?”

मुलगी हसली. काकाही हसले, पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

सणाच्या आदल्या दुपारी काका नातीचा झगा आणायला खाली गेले. तळमजल्यावर शिवणवाल्या वहिनी राहायच्या. काकूंची आणि त्यांची पंचवीस वर्षांची मैत्री. मशीनवरून मान न उचलता वहिनी म्हणाल्या, “बसा भावजी, एक बटण राहिलंय. या वर्षी मात्र तुमच्या घरचं काम वेळेत द्यावं लागलं हं मला!”

“म्हणजे? एरवी उशीर व्हायचा की काय?”

“उशीर कसला, तुमचं शिवण मी मुद्दाम शेवटी घ्यायचे. सगळ्या गल्लीचे कपडे आधी, तुमच्या पोरांचे सण झाल्यावर. ताईच म्हणायच्या, आम्हाला घाई नाही, आमचा सण गाडी आल्यावर.” वहिनींनी दाताने दोरा तोडला. “खिडकीतली माळसुद्धा तोवर लावायच्या नाहीत. बाईची जिद्दच मोठी!”

काकांनी झगा घेतला. तीन मजले चढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

मुलगी ओट्याशी भाजी चिरत होती. नात शेजारी खेळायला गेली होती. काका दारातच उभे राहून म्हणाले, “सणाच्या दिवशी तुम्ही काय करायचा गं? मी नसायचो तेव्हा.”

मुलीची सुरी थांबली. “का? कोण काय म्हणालं?”

“विचारतोय त्याचं सांग.”

“काही नाही करायचो, बाबा. साधं भात-वरण जेवायचो आणि दार लावून बसायचो. आई आम्हाला पत्ते खेळायला शिकवायची.” मग ती एकदम बोलून गेली, “तुम्ही आलात की तो सण. त्या दिवशी ती पहाटे उठून सगळा स्वयंपाक करायची. तुम्ही ज्याला शिळं म्हणायचात ना, ते तासाभरापूर्वी चुलीवरून उतरलेलं असायचं.”

“मग मला सांगितलं का नाही कुणी?”

“शपथ घातली होती तिने. म्हणायची, त्यांना कळलं तर गाडी चालवताना डोक्यात घर राहील. चाळीस माणसांचा जीव असतो हातात.”

काका खुर्चीत बसले. भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बघायचा त्यांना धीर होईना.

“आणि ते वर्ष?” त्यांनी विचारलं. “मी सहाव्या दिवशी आलो होतो ते?”

ते वर्ष काकांनी निवृत्तीच्या भाषणात रंगवून सांगितलं होतं. एका नव्या ड्रायव्हरचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याचं तोंड बघवेना, म्हणून काकांनी स्वतःची आठवड्याची सुट्टी सोडून त्याच्या दोन खेपा मारल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला होता.

मुलगी म्हणाली, “दादा नऊ वर्षांचा होता. चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्या वर्षीचा सदरा वहिनींनी आधीच दिला होता, तो त्याने कपाटातून काढला, घातला आणि खाली पोरांत जाऊन उभा राहिला. बाकी पोरांचे नवे कपडे तोवर मळून धुवायलासुद्धा गेले होते. आईने त्याला ओढत वर आणलं आणि मारलं. जन्मात एकदाच. मग स्वतःच रडत बसली. सदरा धुतला, इस्त्री केली, परत घडी घालून ठेवला.”

“आणि मी आलो तेव्हा?”

“तुम्ही म्हणालात, तुमचं झालंय ना सगळं, मग मला झोपू द्या. झोपलात ते संध्याकाळपर्यंत. पहाटे परत ड्युटी. आईने सगळं डब्यात भरून दिलं.”

काकांना तो डबा आठवला. दोनशे मैलांवरच्या मुक्कामाच्या खोलीत त्यांनी तो कंडक्टरपुढे सरकवला होता. “घे, घरचं उरलंसुरलं आहे,” असं म्हणून.

ते उठून गच्चीवर गेले. मुलगी मागे आली नाही. शहाणी होती, आईसारखी.

सणाची सकाळ उजाडली. काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून रस्त्याच्या खिडकीत उभे होते. मुलाच्या गाडीची वेळ त्यांना तोंडपाठ. वेळ टळली. अर्ध्या तासाने फोन वाजला.

“बाबा, मी निघूच शकलो नाही,” मुलगा म्हणत होता. मागे ट्रॉलीचा खडखडाट ऐकू येत होता. “रात्री माझ्या जागेवर येणारी मुलगीच आली नाही. वॉर्डात बावीस पेशंट, मी एकटा. परवा दुपारपर्यंत पोचतो. तुम्ही चिडू नका.”

“मी कशाला चिडू रे?” काका म्हणाले. “कुणाला तरी थांबावं लागतंच.”

फोन ठेवला तेव्हा मुलगी ओट्याशी, नात आतल्या दारात. नातीने नवा झगा हँगरसकट छातीशी धरला होता. मुलीने हलकेच विचारलं, “काय करायचं बाबा? थांबू या का दादासाठी?”

काकांच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. काकूंनी इतकी वर्षं केलं ते आपण निदान एकदा करावं, असं त्यांना आतून वाटत होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष नातीकडे गेलं.  झगा धरलेली तिची बोटं घट्ट झाली होती, आणि ती आईच्या तोंडाकडून आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

“नाही,” काका म्हणाले. “पोरांना थांबवायचं नाही. जा गं चिमणे, घालून ये.”

ती धावत आत गेली. मुलीने पदराने डोळे टिपले आणि कुकरचं झाकण लावलं.

जेवायला तिघंच बसले.  मुलगा येईपर्यंत काही खाऊ नये असं काकांच्या मनात येत होतं, पण समोर नात बसली होती. आजोबा खात नाहीत म्हटल्यावर तिनेही हात आखडला असता. म्हणून ते जेवले. पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलत, पण जेवले. वर म्हणाले, “मस्त झालंय.”

तिसऱ्या दिवशी काका पहाटे उठले आणि मुलीला उठू दिलं नाही. वरण लागलं, भाताचा गिचका झाला, गोडात साखर इतकी पडली की चमचा उभा राहावा. दुपारी मुलगा आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. ताटावर बसला आणि वाफ बघून म्हणाला, “कशाला उगाच परत केलंत? उरलेलं चाललं असतं.”

काकांनी मान हलवली. थोडा वेळ त्याला जेवू दिलं. मग म्हणाले, “तुझ्या बहिणीने मला सगळं सांगितलं. त्या सदऱ्याचंसुद्धा.”

मुलाने बहिणीकडे बघितलं, मग ताटाकडे. “जुनं झालं ते.”

“मला तीन दिवसांपूर्वीच कळलं. माझ्यासाठी नवंच आहे.”

“बाबा, मी खूप वर्षं तुमच्यावर रागावलेलो होतो,” मुलगा सावकाश म्हणाला. “आईवरसुद्धा. तिच्यावर जास्त. का थांबवायची आम्हाला? कसला हट्ट? मग या नोकरीत लागलो. सणाच्या दिवशी ड्युटी संपवून खोलीवर जातो तेव्हा कुलूप असतं दाराला. तेव्हा कळतं ती काय करत होती ते. पण राग काही पूर्ण जात नाही. खोटं कशाला बोलू?”

“नको बोलूस,” काका म्हणाले. “मी तुझी माफी मागतो. तिची मागायची राहून गेली.”

 मुलगा ताटावरून उठला नाही. तो गिचका झालेला भात त्याने पुन्हा वाढून घेतला आणि खाली मान घालून सगळा संपवला.

दुसऱ्या दिवशी त्याला परत जायचं होतं. काका त्याला पोचवायला स्टँडवर गेले. सुट्ट्या सरत आल्या होत्या, फलाटांवर माणूस मावत नव्हता. काकांनी ओळखीच्या कंडक्टरला सांगून त्याला खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी मागे घेताना ड्रायव्हरने काकांना हात केला. मुलानेही काचेतून हात केला. काहीतरी म्हणालासुद्धा, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

गाडी वळून दिसेनाशी झाली. एकतीस वर्षं अशी मागे उभी राहिलेली माणसं काकांनी आरशात बघितली होती, लहान लहान होत जाणारी. गाडी गेल्यावर ती लगेच निघून जातात की थोडा वेळ तिथेच थांबतात, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. काका थांबले. पुढची गाडी त्या फलाटाला लागली, लोक ढकलाढकली करायला लागले, तेव्हा कुठे ते बाजूला झाले आणि घराकडे चालू लागले. घरी मुलगी आणि नात अजून दोन दिवस होत्या.