मोरिता-सान आणि मुका पक्षी

मोरिता-सान भांडं आधी ऐकायचे, मग बघायचे. टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या त्यांच्या मातीकामाच्या वर्गात मी पहिला वाडगा केला, तेव्हा त्यांनी त्यावर टिचकी मारली, तो कानाशी धरला आणि म्हणाले, "लेले-सान, याला सर्दी झालीय." माझी तेव्हा पस्तिशी. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत आणि आपल्याला सगळं कळतं ही पक्की समजूत. मनात म्हटलं, म्हातारा खडूस आहे.

म्हाताऱ्याचा जीव एकाच भांड्यात अडकला होता. तिकडे पेरू देशात फार पूर्वी दोन पोटांची भांडी करत. एका पोटात पाणी भरून भांडं कलंडवलं की पाणी नळीतून दुसऱ्या पोटात शिरतं, तिथली हवा वरच्या मातीच्या पक्ष्याच्या डोक्यातून सुटते आणि पक्षी शीळ घालतो. संग्रहालयात तो काचेआड गप्पच. म्हणून मोरिता-सान स्वतः घडवायला बसले. घाईही होती. त्यांच्या कानांतून बारीक आवाज एकेक करून चालले होते. "आधी चिमण्या गेल्या," ते हवापाण्याचं बोलावं तसं सांगत, "मग किटलीची शिट्टी. एवढी एक शीळ ऐकून घेतो."

त्यांची पाठ धरली होती, म्हणून भट्टी मी भरत होते. पक्ष्याच्या डोक्यामागे मला एक चीर दिसली. आमच्याकडे माठ गळायला लागला की आई साबण चोळायची. मी तिचीच लेक! ओली माती लावून चीर अशी बुजवली की ब्रह्मदेवालाही कळू नये. वर कुणाला सांगितलंही नाही, उपकार गुपचूप करावेत म्हणून.

भांडं भाजून आलं. मोरिता-सानांनी पाणी भरलं, कलंडवलं, कान लावला. नुसतं डुबुक. त्यांचा चेहरा पडला. "वाजलं का हो? माझेच कान गेले?"

"नाही," मी रडवेली होऊन म्हटलं, "शिळेचं भोक मी चीर समजून बुजवलं."

ते इतके हसले, की खुर्चीला धरून बसले. "म्हणजे कान आहेत अजून!"

पुढची भट्टी तीन महिन्यांनी लागली. या वेळी मी त्यांच्या नव्या भांड्याला बोटही लावलं नव्हतं. त्यांनी ते कलंडवलं आणि अशी लखलखीत शीळ घुमली, की सगळा वर्ग वळून बघायला लागला. मोरिता-सान मात्र कान लावून वाटच बघत होते.

"लेले-सान, आज काय बुजवलंत?"

"तेच," मी म्हटलं. "चुकले परत."

त्यांनी पक्ष्याच्या डोक्यामागे बोट फिरवलं. चीर उघडी होती.

"तुमची ही खोड काही जायची नाही," ते म्हणाले, आणि मला हलकेच वाकून नमस्कार केला.