सुकानावरची डुलकी

आमच्या चिंचणीच्या घरात बाबांच्या घोरण्याला मान होता. बाबा होडीचे तांडेल. सुकान त्यांच्या हातात, म्हणजे खलाशांचा जीवही त्यांच्याच हातात. असा माणूस समुद्रावरून येऊन, जेवून, भरदुपारी आडवा झाला की घोरणारच, असं आई म्हणायची. बोंबील वाळत घालणाऱ्या शेजारणी हसायच्या, पण त्या हसण्यातही कौतुकच असायचं. मला मात्र भयंकर राग यायचा. मी पालघरच्या कॉलेजात जात होते, परीक्षा डोक्यावर असायची आणि पलीकडे कोणीतरी खडीवरून होडी ओढत असल्यासारखा आवाज. मधूनच तो एकदम थांबायचा. मग आई हळूच म्हणायची, "आता लागली बघ गाढ झोप." आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचो. थोड्या वेळाने बाबा गचका देऊन, ठसका लागल्यासारखे परत सुरू व्हायचे.

इतकं झोपूनही त्यांचं डोकं कायम जड. बोलता बोलता पेंगायचे, जेवता जेवता मान टाकायचे. यावर आईचं औषध ठरलेलं होतं, ताडी. माणूस दमलाय, पोटात जरा ताडी गेली की झोप नीट लागेल, ही आमच्याकडे अर्ध्या गावाची समजूत. ताडीनंतर ते आणखी जोरात घोरायचे, मधली शांतताही लांबायची आणि आई समाधानाने मासळी निवडायला बसायची.

मग त्या वर्षी, पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायचे दिवस अगदी तोंडावर आलेले असताना, परतीच्या वाटेवर भर उन्हात बाबांना सुकानावरच झोप लागली. होडी तारापूरच्या बाजूच्या खडकांकडे सरकली. एका खलाशाने धावत येऊन सुकान ओढलं, म्हणून नुसता तळ घासण्यावर भागलं. होडीत निम्मा वाटा मोठ्या काकांचा होता. हे बाबांचे चुलतभाऊ, जिभेचे तिखट, पण मनात एक आणि ओठात एक असं त्यांचं कधी नसायचं. त्यांनी आमच्या ओटीवर बसून सांगून टाकलं की नारळी पौर्णिमेनंतर सुकान दुसऱ्याच्या हाती जाईल. आमच्या गावात 'सुकानावर झोपलेला तांडेल' म्हणवून घेणं शिवीपेक्षा वाईट. दुसरं काही बाबांनी आयुष्यात केलं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. मला त्यांची इतकी दया आली की त्या दयेचाच संताप आला.

मी त्यांना एसटीने बोईसरला आणि तिथून पालघरला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर यायच्या आधीच बाबा बाकावर मान मागे टाकून घोरू लागले. चार लोक बघायला लागले, मी लाजून त्यांना हलवणार, तेवढ्यात डॉक्टर स्वतःच बाहेर आले आणि त्यांनी मला खुणेने थांबवलं. घोरणं थांबलं. तीच आमची ओळखीची शांतता. डॉक्टरांनी मला बाबांच्या नाकाखाली हात धरायला लावला. हवा नव्हती. पोट मात्र धडपडत वरखाली होत होतं. मग गचका, ठसका आणि श्वास. जिला आम्ही गाढ झोप म्हणत होतो, तिच्यात बाबा श्वासासाठी झगडत होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जिभेमागच्या घशाच्या नळीला हाडाचा ताठ आधार नसतो. जागेपणी स्नायू तिला उघडी धरतात, झोपेत ते सैल पडतात आणि उताणं झोपलं की जीभही मागे घसरते. वाट अरुंद झाली की हवा जोराने घुसते, टाळूचा मागचा मऊ भाग फडफडतो, ते घोरणं. वाट पुरती मिटली की आवाजच नाही. अशा वेळी छाती जितक्या जोराने हवा ओढते तितक्या त्या भिंती आणखी चिकटतात, भिजलेल्या कागदी नळीने सरबत ओढताना होतं तसं. शेवटी मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. झोपेत सारखं हेच चाललेलं, मग दिवसा डोळे मिटणार नाहीत तर काय. ताडीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, कारण ताडीने ते स्नायू आणखी ढिले पडतात. झोपेत नाकावाटे हवेचा दाब देणारं यंत्र मुंबईत मिळतं, लागलंच तर बघू, असं ते म्हणाले. आधी कुशीवर झोपा, वजन उतरवा आणि ताडी बंद.

हे ऐकून आई चुलीपाशी बसून रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. बाबा कुशीवर झोपायचे, पण झोपेत हमखास उताणे व्हायचे. आईने त्यांच्या बनियनच्या पाठीला खिसा शिवला आणि आत जाळं तरंगत ठेवणारी बुचं भरली. उताणे वळले की ती टोचायची आणि बाबा आपसूक पुन्हा कुशीवर यायचे. मी काय जाळं हाय का, असं ते कुरकुरले, पण आईने दाद दिली नाही. तिने त्यांचा भातही कमी केला आणि पाऊस उघडला की त्यांना डहाणूच्या रस्त्याने चालायला पिटाळलं. पोट उतरलं. ताटावर मान टाकणं थांबलं. एक दिवस त्यांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली आणि मी उत्तर देईपर्यंत चक्क जागे राहिले. मला हसू आलं आणि रडूही.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, तेव्हा बाबांनी काकांकडे एकच फेरी मागितली. काकांनी वयामुळे समुद्रावर जाणं केव्हाच सोडलं होतं. तरी ते म्हणाले, "चल. पण मी हाय बाजूला. तुझ्या हातात सुकान हाय तवर मी डोळा मिटणार नाय."

होडी परतली त्या दुपारी लख्ख ऊन होतं. मी आणि आई टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या होतो. आई कपाळावर हात धरून खडकांकडे बघत होती. होडी खडकांना चांगला लांब वळसा घालून सरळ आली. सुकानावर बाबा ताठ उभे होते. काका मात्र कुठे दिसेनात. होडी वाळूला लागली तेव्हा दिसले. जाळ्याच्या ढिगावर अंग टाकून ते गाढ झोपले होते. खलाशी गालात हसत होते. खडक यायच्या आधीच त्यांचा डोळा लागला होता म्हणे. बाबा सुकान सोडून त्यांच्यापाशी गेले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "दादा, ऊठ. चिंचणी आली."