देवदान सरांचा गुरुवार आणि मार्था मावशींचं स्टूल

माणूस चिडलेला असला की त्याच्याकडे किस्से साठत जातात. शरणपूर रोडवरच्या आमच्या गुरुवारच्या बायबल-अभ्यासाचे माझ्याकडे इतके साठलेत, की एक काढला की दुसरा मागून येतोच.

गोष्ट सत्तर-ऐंशीच्या दशकातली. देवदान सर हायस्कूलचे मास्तर, पोस्टाने हिब्रू शिकलेले. स्तोत्रातला एक शब्द घ्यायचा, त्याचा मूळ अर्थ काढायचा आणि देवाला काय म्हणायचंय ते शोधायचं, असा त्यांच्या घरचा कार्यक्रम. पुरुष बाहेर खुर्च्यांवर, बायका आत चहाला. माझं अक्षर बरं, म्हणून मुलगी असूनही टिपणं घ्यायला मला उंबऱ्यापाशी बसवलेलं. ना आत, ना बाहेर.

*

सरांचा हिब्रू शब्दकोश कपाटात कुलपात असायचा. एकदा टेबलावर राहिला, तर मार्था मावशींनी पदराने धूळ पुसली. मावशी नांदगावच्या, दवाखान्यात आया म्हणून जन्म गेला, स्वतःची सहा मुलं वाढवली.

"हात लावू नका, पानं फाटतील," सर म्हणाले.

ज्या हातांनी अर्ध्या वस्तीच्या बाळांना पहिली आंघोळ घातली, त्या हातांनी म्हणे पानं फाटणार!

मावशी एवढंच म्हणाल्या, "सर, एक दिस मला बी बसू द्या की. ऐकते नुसती."

"जागा नाही." दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मोजल्या.

*

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून गुरुवारी चहाही उजवीकडूनच फिरला पाहिजे, असा सरांनी नियम काढला. मावशींनी एकदा सवयीने डावीकडून सुरुवात केली, तर भरला ट्रे परत आत पाठवला.

उजव्या टोकाला सर स्वतः बसायचे.

*

तेविसाव्या स्तोत्रावर एक गुरुवार झाला. देवाची दया आपल्या मागे येते, तिथला हिब्रू शब्द पाठलाग करण्याचा आहे, असं सरांनी सांगितलं. सटाण्याचे एक पाहुणे बसले होते, कांद्याचे शेतकरी. ते सहज अहिराणीत बोलून गेले, "मना मांगे त आजलोंग कुत्राच लागनात."

सगळे हसले, सर सोडून. "इथे गांभीर्य लागतं," म्हणाले. पाहुणे पुन्हा आले नाहीत. पाठलाग म्हणजे काय हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळलं होतं, असं माझं आजही मत आहे.

*

पुढे छप्पन्नावं स्तोत्र. देव आपली आसवं पिशवीत भरून ठेवतो. पिशवी बकऱ्याच्या कातड्याची की मेंढ्याच्या, यावर पाऊण तास वाद. तेवढा वेळ आत सुमन रडत होती. तिचा नवरा जाऊन महिना झाला नव्हता. मावशी तिला पोटाशी धरून बसल्या होत्या आणि एका हाताने आधण बघत होत्या.

बाहेरून आवाज आला, "चहाचं काय झालं?"

*

आणि मग एकशे एकतिसावं. माझा जीव आईजवळच्या, अंगावरून तोडलेल्या, म्हणजे दूध सोडवलेल्या बाळासारखा शांत आहे. तीन गुरुवार चालला हा शब्द. बाळ तोडलेलं, म्हणजे मोहापासून तुटलेलं, म्हणजे वैराग्य, इथवर गाडी आली. खोलीतल्या एकाही पुरुषाने बाळ तोडताना पाहिलं नव्हतं. आत पाच बाया होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही.

ट्रे घेऊन आलेल्या मावशींनाच राहवलं नाही. "कोरफड लावून तोडतो आम्ही. लय कडू. पोरगं चार दिस रडतंय, आईला बोचकारतंय. मग पाचव्या दिशी येऊन मांडीवर बसतंय. दुधासाठी नाय. नुसतं."

"चहा निवतोय," सर म्हणाले.

*

रविवारी चर्चमध्ये सर उपदेशाला उभे राहिले. "हिब्रूत खोल शिरल्यावर मला उमगलं," म्हणाले, आणि कोरफडीपासून मांडीपर्यंत सगळं सांगितलं. मावशींचं नाव नाही! पुण्याहून आलेले पाहुणे पाळक सरांचा हात सोडेनात. बाहेर पायऱ्यांवर मी मावशींजवळ सरांवर तोंडसुख घेत होते. मावशी चपला शोधत होत्या. म्हणाल्या, "बरं सांगितलं की त्यांनी."

*

पुढच्या गुरुवारी मावशी पुढच्या दाराने आल्या. काखेत घरचं लाकडी स्टूल. ते त्यांनी खोलीच्या मधोमध ठेवलं, बसल्या आणि मांडीवर पवित्र शास्त्र उघडलं. आतून एकही भांडं वाजलं नाही.

सरांनी घसा खाकरला. "मावशी, चहा?"

मावशींनी पानावरून नजर काढली नाही.

"तोडला, सर. चार गुरुवार रडाल. मग याल नुसते बसायला."