मृगाजवळचा एक ठिपका

“जित्ता मानूस अन् मयत मानूस एकच फोटोमा बसाडाना व्हई, ते पहिले दोन्हीसना उजेड एक करना पडस,” असं दाऊदभाई एकदा मला म्हणाले होते.

नवापूरला स्टँडच्या मागे त्यांचा स्टुडिओ आहे. लग्नं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो, ही कामं सगळेच करतात. दाऊदभाईंकडे लोक येतात ते जोडफोटोसाठी. घरातलं कुणी गेलं की वर्ष-दोन वर्षांनी त्याचा जुना फोटो पिशवीतून येतो आणि नातवाच्या लग्नाच्या फोटोत त्याला उभं करायचं असतं. दाऊदभाई आधी नाकाची सावली बघतात, ती कुठल्या बाजूला पडली आहे ते. मग डोळ्यांची पातळी जुळवतात. पातळी चुकली तर मेलेला माणूस तरंगल्यासारखा दिसतो. त्यांच्या जोडफोटोत कुणी तरंगत नाही. मृत माणसं तिथे जिवंतांच्या खांद्याला खांदा लावून, थोडी कंटाळलेली, उभी असतात.

तीच रीत त्यांनी आकाशाला लावली. फिल्म रोलच्या काळात ते सातपुड्यातल्या काठी गावाला होळीचे फोटो काढायला जायचे. तिथलं काळंभोर आकाश त्यांनी हेरून ठेवलं आणि एका हिवाळ्यात, अमावास्या गाठून, परत गेले. दोन फळ्यांना बिजागरी ठोकलेली, वर कॅमेरा, खाली एक स्क्रू. आकाश सरकेल तसा स्क्रू हाताने फिरवत त्यांनी मृग नक्षत्र टिपलं. तो फोटो पुढे स्टुडिओच्या भिंतीवर राहिला. गिऱ्हाईक त्याला वॉलपेपर समजायचं.

आता कॅमेरा डिजिटल आहे आणि आकाश फिकट. गावाबाहेर कोंबड्यांच्या शेडचे दिवे रात्रभर जळतात, हायवेचा उजेड वेगळाच. दाऊदभाई एकाच जागेचे पुष्कळ फोटो काढतात आणि एकावर एक रचतात. एखाद्याच फोटोत उमटलेली खोटी ठिणगी त्यात विरून जाते, खरा तारा उरतो. यंदा त्यांनी काठीचं जुनं आकाश आणि नवापूरचं नवं आकाश एकत्र करायचं ठरवलं. मृगातल्या बाणाचे तीन तारे त्यांनी जोडफोटोतल्या डोळ्यांसारखे पातळीला धरले. ते बरोबर बसले. पण मृगाच्या एका पायाजवळ, नव्या फोटोत ठसठशीत दिसणारा एक तारा जुन्यात नव्हताच.

तारे उजळतात, मंदावतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मुलाला, तौहिदला, बोलावून दाखवलं आणि एवढंच म्हणाले, “हा तेव्हा विझलेला होता.” तौहिदने दोन्ही फोटो स्टेटसला लावले. संध्याकाळपर्यंत नवापुरात दाऊदभाईंना नवा तारा सापडला होता. वाचनालयाचे चिटणीस उमाकांत सर स्वतः दुकानात आले.

“शनिवारी सत्कार. नाही म्हणायचं नाही. आणि आमच्या वरातीचे फोटो हलले होते, ते आता माफ.”

दाऊदभाई हसले. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे चेहरे उजेडात आणले होते.

शुक्रवारी मी दुकानात बसलो असताना धनुबाई आल्या. गल्लीतल्याच. नवरा, छगनभाऊ, गेल्या वर्षी वारला. त्यांनी दोघांचा जुना फोटो काउंटरवर ठेवला.

“दाऊदभाऊ, पोऱ्याना लगीनना फोटोमा यासले बसाड. पन पहिले गालवरना तीळ परत लाव.”

“कोणता तीळ, भाभी?”

“तूच पुसा व्हता. मीच सांगेल व्हतं, फोटो साजरा दिखाले जोयजे म्हनीसन.” त्यांनी बोट काचेवर टेकवलं. “आते तीळबिगर हाऊ माले दुसराच मानूस दिखस.”

दाऊदभाई फोटोकडे बघत राहिले. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं जवळ आली, बारीक ब्रश धरल्यासारखी. निगेटिव्हवर धूळ बसली की छापलेल्या फोटोत पांढरे ठिपके येतात. ते काळ्या रंगाने बुजवल्याशिवाय स्टुडिओतून फोटो बाहेर जात नसे. काठीचं आकाशही ठिपके बुजवूनच भिंतीवर गेलं होतं.

ते माळ्यावर चढले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन उतरले. मोबाईलचा पडदा पांढरा करून त्यावर निगेटिव्ह ठेवली, भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये तारे काळे दिसतात. मृगाच्या पायाजवळ एक काळा ठिपका होता. धूळ नव्हती ती. बाजूच्या ताऱ्यांसारखाच गोल, त्यांच्याइतकाच दाट. तारा विझलेला नव्हता. दाऊदभाईंनी तो धूळ समजून बुजवला होता.

तौहिदने वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “अब्बा, बॅनर लागलंय. निगेटिव्ह बघायला कोण येणार आहे?”

“मी पाहिली ना.”

“लोक हसतील.”

दाऊदभाईंनी धनुबाईंचा फोटो पुढे ओढून विचारलं, “भाभी, तीळ डोळाना खाले व्हता का ओठना जवळ?”

शनिवारी वाचनालयात खुर्च्या भरल्या. स्टँडवर दोन मोठे फोटो होते, डावीकडे जुना, उजवीकडे नवा, दोन्हींवर लाल गोल. डाव्या गोलात काळोख, उजव्यात तारा. उमाकांत सरांनी शाल उघडली आणि भाषण सुरू केलं. तौहिद पहिल्या रांगेत जमिनीकडे बघत होता. दाऊदभाई उठले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो त्यांनी सोडला. निगेटिव्हवरून परत काढलेलं काठीचं आकाश, धुळीच्या ठिपक्यांसकट. त्यांनी जुना फोटो उतरवला, त्या जागी हा लावला, आणि लाल गोल नखाने सोडवून बरोबर जागेवर चिकटवला.

आता दोन्ही गोलांत तारा होता.

पहिल्या रांगेतली माणसं पुढे वाकली. उमाकांत सर शाल धरून तसेच उभे होते. “म्हणजे हा पहिल्यापासूनच होता?” त्यांनी विचारलं.

दाऊदभाईंनी होकाराची मान हलवली. तर्जनी अंगठ्याला लावून हवेत ब्रशचा एक फटकारा मारून दाखवला, मग आपल्याच छातीवर हात ठेवला. मागे कुणीतरी हसलं, आणि एकटंच हसून थांबलं. दाऊदभाईंनी बुजवलेलं आकाश काखेत घेतलं, दारात चपला सरकवल्या आणि निघून गेले.