खुंटीवरची कात्री

तासगावच्या स्टँडवर तुम्ही सगळे घरचे-गावचे पोचवायला आलात, पण दादाच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. मला पुण्याच्या वर्तमानपत्रात नोकरी लागली होती. थोरल्या भावाला, दादाला, तिथल्या मनोरुग्णालयात ठेवायचं होतं. एकाहत्तरच्या लढाईवरून परतल्यावर त्याच्या कानात आवाज येऊ लागले. तुम्ही देवाचं वारं म्हणून पाया पडलात, हरवलेल्या म्हशीचा ठाव विचारलात. म्हैस सापडेना, तेव्हा तो वेडा ठरला.

"बरा झाला की माझ्या लेकाला आण रं," आबा एसटीच्या खिडकीशी म्हणाले. "बाग त्याचीच हाय." द्राक्षबाग खरंच त्यानं लावलेली होती.

औषधांनी आवाज थांबले. पुढचं काम मानसशास्त्रज्ञ बाईंचं. आवाज थांबलेल्या माणसानं दिवस कसा काढायचा, हा त्यांचा विषय. घाबरं होण्याआधी ते ओळखायला, लोकांत बसायला त्यांनी त्याला शिकवलं. मग रुग्णालयाच्या बागेत हातात कात्री दिली. वर्षभर त्यानं गुलाब छाटले. कुणाला ओरखडाही आला नाही.

छाटणीच्या दिवसांत बाई आम्हा दोघांबरोबर गावी आल्या. "यांना सांभाळू नका, काम द्या," त्यांनी आबांना सांगितलं. तुम्ही माना डोलावल्या. बाई हात धुवायला गेल्यावर चुलते म्हणाले, "सुई न्हाई, गोळी न्हाई. नुसतं बोलायचा पगार घेती व्हय रं ही?"

"तात्या, तुमी तर फुकट बोलताय की," दादा म्हणाला.

तो बरा झाल्याचा याहून चांगला पुरावा नव्हता. तुम्ही कुणी हसला नाहीत.

सकाळी घरची छाटणीची कात्री खुंटीवर नव्हती. आईनं ती ज्वारीच्या कणगीत पुरली होती. विळे, कोयते, भाजीची विळीसुद्धा शेजारी गेली होती. "बसू द्या की त्याला," ती बाईंना म्हणाली. "पावना हाय चार दिसांचा."

त्याच्या बागेत गडी छाटणी करत होते. तो बांधावर बसून बघत होता.

"कात्री द्या. मी त्यांच्याजवळ उभी राहते," बाई म्हणाल्या.

"तुमी जाशीला, बाई," आबा म्हणाले. "आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

दादा उठला. "चला बाई. ही मानसं बरी व्हायला येळ लागंल."

तो आता माझ्याकडे राहतो, एका रोपवाटिकेत काम करतो. घरी कधी येणार, असं तुम्ही विचारता. आम्ही घरीच आहोत. इथे कात्री दाराजवळच्या खुंटीला असते, आणि ती लागली की माझी बायको त्यालाच काढून द्यायला सांगते.