काकांचा न धुतलेला सदरा

म्हशीच्या शरीराबद्दल सगळं चुकीचं ठाऊक असलेला आणि तरीही म्हशीच्या बाबतीत कधीच न चुकलेला माणूस आमच्या अख्ख्या बाळकुम गावात एकच होता, आणि तो नेमका आमच्या वाट्याला काका म्हणून आला. बाबांची कंपनी बंद पडल्यापासून आमच्या घरात कमावतं असं कोणी होतं तर ती म्हैस. तिच्या दुधावर चूल चालायची आणि माझं पशुवैद्यकाचं कॉलेजही. समोरच्या टॉवरमधली मंडळी एका हाताने शेणाच्या वासाची तक्रार लिहायची आणि दुसऱ्या हाताने दुधाचं पातेलं पुढे करायची.

काकांच्या मते दूध शिंगांत तयार होतं आणि पाठीवरून कासेत उतरतं. म्हणून धार काढण्याआधी ते शिंगांना तेल चोळत. म्हैस गाभण आहे की नाही हे डॉक्टर खांद्यापर्यंत हात आत घालून सांगायचे, काका कुंपणावर बसून, विडी न विझवता. "तोंडावं लाज दिसतेय," एवढंच निदान. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत काकांनी पारडाचं नावही ठरवलेलं असायचं. या विद्वत्तेचा गणवेश म्हणजे एक खाकी सदरा. तो धुतला तर म्हैस रुसेल, म्हणून कधी धुतलाच नाही. काकू तो काठीने उचलायची.

मी शेवटच्या वर्षाला असताना काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि म्हशीने पान्हा चोरला. बाबा धारेला बसले, लाथ. मी बसले, बादलीसकट लाथ. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, आटली तर विकावी लागेल. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, मग तुझ्या कॉलेजचंही काय ते बघू.

मी याच विषयावर परीक्षेत पाच पानं लिहिली होती. बिचकलेलं जनावर दूध अडवतं. ओळखीचा स्पर्श, ओळखीचा वास मिळाला की मेंदूतून संप्रेरक सुटतं आणि पान्हा येतो. पाच पानं लिहिणारीला हे गोठ्यात आठवायला तीन दिवस लागले. काकूकडून सदरा आणला, श्वास धरून अंगात घातला, आणि कोणी बघत नाही असं पाहून शिंगांना तेलही चोळलं. मिनिटभरात सड फुगले. बादलीत धार वाजायला लागली, तसे दाराशी पाठ करून बसलेले बाबा उठून बाहेर गेले.

काका काळा चष्मा लावून परतले, तेव्हा मी त्यांना संप्रेरक समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुजे कालेजान जा शिकवतान, ता माजे सदऱ्याला आधीच ठावं होता," ते म्हणाले. "पदवी त्यालाच दे, बाय."

आता गोठ्याच्या जागी गाड्या उभ्या असतात. काका गेले, त्यानंतर काकूने तो सदरा पहिल्यांदाच धुतला, आणि वास गेला म्हणून दिवसभर रडली.

काकांच्या ऑपरेशनच्या त्या वर्षी म्हैस आटली नाही. मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवी कागदोपत्री माझी आहे.