कॅसेटला दाखवलेलं ऊन

मी चौथी शिकलेला माणूस. पण बियाणं राखण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात न्हाय. ज्वारीची टपोरी कणसं निवडायची, दाणं काढून उन्हाळ्यात कडक ऊन दाखवायचं, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरायचं. कीड लागंल तर मिशी उतरवीन.

माझी लेक लहानपणी पंचमीला झोक्यावर बसून गायची. एका साली पाव्हण्यांनी टेप आणला हुता, त्यात म्या तिचं गाणं भरून घेतलं. आवाज असा बारीक, की बांधापलीकडची माणसं खुरपं थांबवायची. पुढं तिचं लग्न झालं आन् पहिल्याच बाळंतपणात ती गेली. माघारी तिची पोर राहिली आन् ती कॅसेट.

पोर तिच्या आजीनं, माझ्या मालकिणीनं सांभाळली. कॅसेट म्या. बियाण्याच्या डब्यात ठेवली, दर उन्हाळ्यात ज्वारीबरूबर अंगणात पोत्यावर ऊन दाखवलं. मालकीण म्हणायची, "औंदा पेरताय काय तिला?" पण सावली आली की तीच उठून कॅसेट उन्हात सरकवायची.

लेक गेल्यावर ऐकली मातर न्हाय. लावायला हातच उचलला न्हाय.

यंदा नात म्हणाली, "आबा, मला आईचा आवाज ऐकायचाय." म्हणून तिला घेऊन कळंबला टेप दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो. त्यानं कॅसेट उलटीपालटी करून बघितली.

"बाबा, ही वाकलीय. चुलीपाशी ठेवली हुती काय?"

"ऊन दाखवलंय. दर साली."

तो हसला न्हाय. हसला असता तर भांडता तरी आलं असतं. म्हणाला, "आतली फीतबी ताणलीय. एकदा वाजंल. तेवढ्यात पोरीच्या मोबाइलमधी भरून घेऊ."

वाजली. गाणं तेच, झोक्याची करकर तीच. आवाज मातर जड, ओढून काढल्यावानी. सत्तरीची बाई झोक्यावर बसून गातीय जणू. गाणं संपायच्या आधीच फीत तुटली.

स्टँडवर एसटीची वाट बघत नातीनं मोबाइल कानाला धरला, तो काढंचना. मग म्हणाली, "आबा, आईचा आवाज असा हुता?"



"असा झाला असता," म्या म्हणालो. "म्हातारपणी."

तिनं मान हलवली आन् गाणं पहिल्यापासनं लावलं.